दोराला धरून

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकाचौकात दोर बांधतात,
माणसं त्याला धरून रस्ता ओलांडतात.
त्या दिवशी दोर सोडून डॉन आन्सेल्मो बार्रीआ
माझ्या औषधाच्या दुकानात शिरला
आणि दार लागल्यावरही
काहीतरी घट्ट धरल्यासारखा उभा राहिला.

खोकल्याच्या सगळ्या बाटल्या वाचल्या त्याने.
मग टाचेच्या भेगांचं मलम.
मग बाळांना दात येतानाचं जेल,
सदुसष्टाव्या वर्षी, घरात एकही मूल नसताना.
शेवटचं गिऱ्हाईक गेलं तेव्हा
चिठ्ठी सरकवली, पालथी,
पत्त्यांच्या डावात हुकूम लपवावा तशी.

मीही हळूच उलटली.
नव्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरची सही,
अक्षर अजून वाचता येण्याजोगं.

दुसरं काही औषध चालू आहे?
नाही.
रक्तदाबाचं? लघवीचं?
नाही म्हटलं ना.
छातीचं?

त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे निघाला
आणि अर्ध्या वाटेत थांबला.
तेवीस वर्षं मी या काउंटरमागे आहे.
माणसाची जीभ खोटं बोलते,
हाताला ते अजून जमलेलं नाही.

तपकिरी काचेची इवलीशी कुपी.
छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी,
सरकारी इस्पितळाने दिलेली.
"कधीतरीच लागते. जिना चढताना.
डॉक्टरने विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

तीस वर्षं सामुद्रधुनीत बोट हाकलेला माणूस,
त्याला मी पाण्याच्याच भाषेत सांगितलं:
ही गोळी रक्ताच्या वाटा सैल करते, तीही करते.
दोघी एका दिवशी भेटल्या
तर ओहोटी अशी लागते
की बोट चिखलात बसते
आणि भरती यायची वाट पाहायला
कप्तानच उरत नाही.

तो हसला नाही.
खिशातून आणखी एक पाकीट काढलं,
धक्क्यावरच्या कुणा खलाशाकडून घेतलेलं,
नाव नाही, तारीख नाही,
दोन निळ्या गोळ्या, त्यातली एक अर्धी तोडलेली.
"अर्धी घेतलीस?"
"नाही. तोडली, आणि धीर झाला नाही."

देवाचे आभार मी मनातल्या मनात मानले,
भित्र्या माणसांचा जो कुणी देव असेल त्याचे.
मोठ्याने म्हटलं, हृदयाच्या डॉक्टरकडे जा,
कुपी सोबत ने.
आणि चुकून कधी गोळी घेतलीस नि छाती दुखली
तर जिभेखाली काहीही ठेवू नकोस,
रुग्णवाहिका बोलाव
आणि आलेल्या पोरांना आधी हेच सांग.
लाज नंतर. आधी हे.

चिठ्ठी मी परत दिली.
औषध न विकल्याचं समाधान
मालकाच्या वहीत लिहायला रकाना नाही.

तीन आठवड्यांनी दोघं आली.
एदेल्मिरा लोकरीची टोपी काढता काढता
दारातूनच विचारू लागली, इतक्या मोठ्याने
की वजनकाट्यावरची बाई काट्यावरच थिजली:
"हृदयाचा डॉक्टर नाही म्हणतो. कायमचं नाही.
हा दोन रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला.
मला सांग पोरी,
एकोणसत्तर वर्षांच्या बाईला काय पाहिजे असतं
असं ह्या लोकांना वाटतं?"

आन्सेल्मो खोकल्याच्या बाटल्या वाचत होता.
कान लाल, पण बाटली उलटी.

दुसरे उपाय आहेत, मी म्हटलं,
गोळीशिवायचे; इस्पितळात मंगळवारी एक नर्स बसते,
न लाजता बोलते, जा दोघं.
तिने नर्सचं नाव हातावर लिहून घेतलं,
मग शेल्फावरून रबराची पिशवी उचलली,
गरम पाण्याची, सर्वांत मोठी.

"ही दोघांना पुरेल?"
"चिकटून झोपलात तर."

बाहेर वारा तसाच होता.
काचेतून पाहिलं मी:
दोर मोकळा हलत होता,
त्याने तिचा दंड धरला होता,
आणि तिने पिशवी.